आमच्यात ढेकणं न्हाईत

दानम्माला पहिला ढेकूण दिसला तो शांभवीच्या गादीच्या शिवणीत. पोरीच्या दंडावर एका ओळीत लाल गांध्या उठल्या होत्या. आधी वाटलं डास असतील, मग वाटलं उन्हाळ्याचं घामोळं. शेवटी शांभवी कॉलेजात शिकवायला गेल्यावर दानम्माने गादी खिडकीशी उभी केली आणि शिवण बोटांनी उलगडली. मसुरीच्या डाळीएवढा एक तांबूस जीव उजेडाला घाबरून आत सरकला. तिने तो नखाने चिरडला. त्या वासाने तिला उमासा आला. मग तिने काय केलं, तर घराचं दार आतून लावून घेतलं.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं होती, एक दानम्माचं आणि एक तानाबाईचं. दोन्ही घरांच्या बाहेरच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. शांभवी पहिलीत असताना दानम्मा इथं राहायला आली, तेव्हापासून दोघींची दारं दिवसा कधी लागली नव्हती. इकडची शेंगदाण्याची पोळी तिकडे जायची, तिकडचं राधानगरीच्या गावाकडून आलेलं दूध इकडे यायचं. दानम्माचा नवरा शिवय्या लक्ष्मीपुरीत भुसार मालाचं दुकान चालवायचा. तानाबाईचा नवरा ज्ञानू दूध संघात टँकरवर ड्रायव्हर होता. आता निवृत्त झाला होता, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि छातीत जुना दमा होता, त्यामुळे तो दिवसभर दोन्ही दारांच्या मधल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असायचा. कुणाचं पार्सल आलं तर घ्यायचा, सिलिंडरवाल्याला जिना दाखवायचा. शांभवीला सायकल त्यानेच शिकवली होती. अजूनही ती कॉलेजला निघाली की म्हणायचा, "चालली आमची मास्तरीण." त्यांचा मुलगा सम्राट पुण्याला नोकरीला होता.

अशा शेजारापासून दानम्माने दार लावलं, त्याला कारण होतं. शांभवीला गडहिंग्लजचं स्थळ आलं होतं. मुलगा शिवशरण बेंगळुरूला इंजिनिअर, घर मोठं, माणसं देवधर्माची. शांभवी तिशीला टेकली होती. मागची स्थळं कुठे उंचीवरून, कुठे नोकरीवरून मोडली होती, आणि एका ठिकाणी तर मुलीचा आवाज मोठा आहे म्हणून. हे स्थळ दानम्माचा निपाणीचा भाऊ महांतेश याने आणलं होतं. मुलाच्या आईबद्दल त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई स्वच्छतेची लई कडक हाय. दुसऱ्याच्या घरात गेली की आधी मोरी बघती."

त्या दिवसापासून दानम्मा दुपारी दार लावून एकटीच लढत राहिली. पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. फटीफटीत रॉकेल सोडलं. कापूर ठेवला, कडुनिंबाचा पाला ठेवला. दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला, त्याने खोलीभर वास झाला आणि ढेकूण दोन दिवस गप्प बसून परत निघाले. गादी उन्हात टाकायला ती गच्चीवर एकटीच घेऊन जायची, जिन्यात कुणी नसेल असं बघून.

एका सकाळी तानाबाई दारात उभी राहिली. हातात औषधाची रिकामी डबी होती. डबीत एक ढेकूण होता.

"दानम्मा, बघ की हे. आमच्यात झाल्यात. ह्यांच्या पलंगाला भरून ऱ्हायल्यात. तुमच्यात हायत का बघ एकदा."

तिच्या बोलण्यात लाज अजिबात नव्हती. दुधात माशी पडली हे जसं सांगावं तसं तिने सांगितलं.

"आमच्यात न्हाईत," दानम्मा म्हणाली.

"नीट बघ. भिंत एकच हाय."

"बघितलंय वैनी. मी रोज झाडून काढते."

"झाडण्याचा काय संबंध?" तानाबाई म्हणाली. "मीबी झाडते की."

तानाबाईने औषध मारणारा माणूस बोलावला. त्याने पलंग उलटा केला, स्विचबोर्ड उघडला, भिंतीवर टकटक केली आणि सांगितलं, एकट्याच्या घरात मारून उपयोग नाही. इथं फवारलं की ते वायरीच्या पाइपातून शेजारी जातील, आणि तिथून पुन्हा इथं येतील. लगतची सगळी घरं एकाच दिवशी करायला हवीत, आणि अंड्यांतून पिल्लं बाहेर आली की पुन्हा एकदा. म्हणून तानाबाई चेअरमन आकारामकडे गेली आणि रविवारी संध्याकाळी गच्चीवर मीटिंग बोलावली गेली.

मीटिंगला सगळी बिऱ्हाडं आली. आकारामने विषय काढला. लोक एकमेकांच्या चपलांकडे बघत होते.

"कुणाकुणाच्यात हायत तेवढं सांगा," आकाराम म्हणाला. "एकदम करून टाकू."

कुणी हात वर केला नाही. तळमजल्यावरचे म्हणाले, आमच्यात नाही. वरच्या मजल्यावरच्या अंबूबाई म्हणाल्या, आमच्यात कधीच नव्हते. तानाबाई एकटीच मध्ये उभी होती. ती दानम्माकडे बघत होती. विचारत काही नव्हती, नुसती बघत होती.

गडहिंग्लजची माणसं पुढच्या रविवारी येणार होती. अंबूबाईंची वहिनी गडहिंग्लजची होती. आज गच्चीवर जे बोललं जाईल ते उद्या तिकडे पोचणार, हे दानम्माला दिसत होतं.

"माझ्याकडं काय बघतासा वैनी?" ती म्हणाली. "आमच्या घरात येऊन एक ढेकूण दाखवा. आता गावाकडच्या जुन्या वाकळा, पोती, काय काय कोण घरात आणून साठवतंय, ते ज्याचं त्यानं बघावं. त्याचा भुर्दंड सगळ्या इमारतीला कशाला?"

गच्चीवर कुणीतरी हलकं हसलं. तानाबाईचा चेहरा आधी काही न समजल्यासारखा झाला, मग समजल्यासारखा झाला. आकारामने मीटिंग संपवली. जिना उतरताना तानाबाई पुढे होती, दानम्मा मागे. आपल्या दाराशी तानाबाई थांबेल, वळेल, दोन शब्द ऐकवेल असं दानम्माला वाटलं होतं. तिने तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दार दिवसाउजेडी लागलं.

तानाबाईने आपल्या घरापुरतं औषध मारून घेतलं. त्यानंतर आठवड्याभरात दानम्माच्या घरात ढेकूण दुप्पट झाले. खुर्च्यांच्या विणीत, देवघराच्या मागे, शिवय्याच्या शर्टाच्या कॉलरमध्येसुद्धा.

गडहिंग्लजची माणसं रविवारी सकाळी आली. दानम्माने सोफा आधीच आतल्या खोलीत ढकलून, शेजारच्या मंगल कार्यालयातून लोखंडी खुर्च्या आणल्या होत्या. मुलाच्या आईने मोरी बघितली, स्वयंपाकघर बघितलं आणि मान हलवली. शांभवी आणि शिवशरण गॅलरीत उभं राहून बोलले. तो चांगला मुलगा होता, बोलताना तिच्याकडे बघून बोलत होता. ती आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दानम्माला कितीतरी दिवसांनी काहीतरी मोकळं दिसलं. निघताना मुलाची आई म्हणाली, "मुलगी पसंत हाय आम्हाला. साखरपुड्याची साडी कोल्हापुरातच घेऊ. मी आणि जाऊबाई येऊ पुढच्या आठवड्यात, दोन दिस तुमच्यातच ऱ्हाऊ. घरचं वळण कळतं ऱ्हायलं की."

पाहुणे गेल्यावर दानम्मा लोखंडी खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. शिवय्याने विचारलं काय झालं. ती म्हणाली, "त्यांना निजवायचं कुठं?"

दुसऱ्या दिवशी शिवय्याने दुकानातून पिशवीत एक डबा आणला. धान्याच्या गोदामात पोत्यांना कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या ठेवतात, त्या गोळ्या. ताडपत्रीखाली ठेवल्या की त्यातून वायू सुटतो आणि पोत्यांतले सोंडे, किडे, सगळं मरतं. माल उघडताना गोदाम तासन् तास मोकळं सोडावं लागतं, हे शिवय्याला माहीत होतं. तो कित्येक वर्षं तेच करत आला होता.

"पोत्यात किडा ऱ्हात न्हाई, ढेकणाचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "घर बंद करायचं, गोळ्या ठेवायच्या, आपण निपाणीला जायचं. येऊन घर उघडायचं, पुसून घ्यायचं. कुणाला कळायचंबी न्हाई."

शांभवीने डबा हातात घेऊन त्यावरचं बारीक वाचलं. तिने दोनदा वाचलं.

"अप्पा, राहत्या घरात वापरू नये असं लिहिलंय यावर."

"आपण ऱ्हाणारच न्हाई की."

"शेजारी राहतात ना."

"दारं-खिडक्या चिकटपट्टी लावून बंद करतो. गोदामात करतोच की."

"गोदामाला लागून कुणी झोपत नाही, अप्पा. निदान काकूंना सांगूया. दोन दिवस तीही दोघं कुठेतरी जातील. कळंब्याला त्यांची बहीण आहे."

शिवय्याला ते पटलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने दानम्माकडे बघितलं. त्या घरात अशा गोष्टींचा शेवटचा शब्द तिचा असे.

"सांगायचं न्हाई," दानम्मा म्हणाली. "मीटिंगमध्ये सगळ्यांच्या समोर मी काय बोललेय? आता कुठल्या तोंडानं जाऊन सांगू, की आमच्यात हायत म्हणून? ती गप बसंल व्हय? सगळ्या इमारतीत ओरडून सांगंल. आणि अंबूबाईंची वहिनी गडहिंग्लजलाच हाय."

"अव्वा, काकू तशा नाहीत."

"तुला काय ठाऊक? तुझं लगीन हुईस्तोवर एक अक्षर बोलायचं न्हाई. नंतर मी तिच्या पाया पडीन, मग झालं?"

शांभवीने डबा खाली ठेवला. तिने आणखी एकदा बोलायला हवं होतं. पण गॅलरीतलं ते बोलणं तिच्या मनात होतं.

निघायच्या सकाळी शिवय्याने खिडक्यांना चिकटपट्टी लावली, खोल्याखोल्यांतून गोळ्या ठेवल्या, नाकाला रुमाल बांधून बाहेर आला आणि दाराची खालची फट ओल्या फडक्याने बंद केली. स्वयंपाकघराच्या मागच्या, दोन्ही घरांना सामाईक असलेल्या डक्टकडे त्याचं लक्ष गेलं नाही. भिंतीतल्या वायरीच्या पाइपाकडे तर नाहीच.

ज्ञानू खुर्चीवर बसला होता. मीटिंगनंतर तानाबाई बोलत नसली तरी तो बोलायचा. बायकांचं भांडण बायकांपाशी, असं तो मानायचा.

"कुठं निघालीसा सगळी?"

"निपाणीला. भावाकडं," दानम्मा म्हणाली.

"जावा जावा. दाराकडं मी बघतो. कसला वास येतोय ओ? लसूण जाळल्यागत."

"पेंट मारलाय आत," शिवय्या म्हणाला.

"पावणं येणार म्हणून व्हय," ज्ञानू हसला. "मास्तरीण, आम्हाला पेढं कधी?"

शांभवी जिना उतरायला लागली. तिने मागे वळून बघितलं नाही.

निपाणीला महांतेशने जावयाची करावी तशी सगळ्यांची सरबराई केली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी जेवायला बसली होती, तेव्हा आकारामचा फोन आला. शिवय्याने उचलला. बोलणं एकतर्फीच होतं. फोन ठेवून तो ताटाकडे बघत बसला.

"ज्ञानूला आणि वैनींना दवाखान्यात न्हेलंय. सकाळधरनं उलट्या. ज्ञानूला दम लागलाय. डॉक्टर म्हणत्यात जेवणातनं काहीतरी झालं असंल. काल रात्री काय खाल्लं ते विचारालेत."

महांतेशची बायको आमटीचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"जेवणानंच झालं असंल," दानम्मा म्हणाली. "उन्हाळ्याचं अन्न नासतंय."

शांभवी ताटावरून उठली. "आकारामकाकांना फोन लावा अप्पा. डॉक्टरला सांगायला पाहिजे काय ठेवलंय ते."

दानम्माने तिचा हात धरला. "आधी घर उघडूया. गोळ्या काढूया. मग बघू काय सांगायचं ते. पोलीस येतील ग. पोलीस आलं की मग काय ऱ्हातंय तुझं?"

शिवय्याने गाडीची किल्ली घेतली. तिघं निघाली. गाडीत शांभवी मागे बसली होती, फोन मांडीवर धरून. हायवेवर उन्हाची झळ होती. आई पुढून सतत बोलत होती, कुणाशी असं नाही: सगळं नीट होईल, ज्ञानूला दमा आहेच, दमेकऱ्याला असं होतंच, डॉक्टर हुशार असतात, त्यांना कळतं. कागलपाशी शांभवीने आकारामचा नंबर लावला.

तिने सगळं सांगितलं. कुठल्या गोळ्या, किती ठेवल्या, कधी ठेवल्या.

"आता सांगतीयास व्हय," आकाराम म्हणाला. "ज्ञानूदादा मघाशीच गेलं."

मग त्याचा आवाज बदलला. "थांब, ठेवू नको. वैनी अजून हायत. डॉक्टरला देतो फोन. जे सांगितलंस ते परत सांग."

शांभवीने डॉक्टरांना परत सांगितलं. शिवय्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं. दानम्मा समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "केलंस ते केलंस. झालं आता."

तानाबाई वाचली. उकाड्यामुळे ती रात्री गॅलरीत अंथरूण टाकून झोपली होती. ज्ञानूला गुडघ्यामुळे जमिनीवर झोपता येत नसे, त्याचा पलंग त्या एका भिंतीला लागून होता. डॉक्टरांनी नंतर शांभवीला सांगितलं, ह्या विषाला उतारा नाही. पण आधी कळलं असतं, तर त्यांना निदान त्या घरातून लवकर बाहेर काढलं असतं. सकाळी पहिली उलटी झाल्यावर ज्ञानू परत त्याच पलंगावर जाऊन पडला होता. तानाबाईने त्याला तिथेच लिंबूपाणी दिलं होतं.

शांभवी दवाखान्यात गेली तेव्हा तानाबाईच्या हाताला सलाइन होतं. नवरा गेला हे तिला सांगितलेलं होतं. पोरगी पायाशी उभी राहिली. तानाबाईने तिला ओळखलं, तेव्हा तिने तोंड फिरवलं नाही.

"काकू, आमच्याही घरात होते ढेकूण," शांभवी म्हणाली.

"मला ठाऊक हुतं," तानाबाई म्हणाली. तिचा आवाज घासल्यासारखा झाला होता. "तुझ्या दंडावर गांध्या हुत्या की. तुझी आई गादी घेऊन गच्चीवर जायची ती काय मला दिसत नव्हती? मीटिंगीत म्हणणार हुते. पण तुझं ठरत हुतं. म्हटलं जाऊ दे, पोरीचं हुंदे."

शांभवी खाली बसली. एका नर्सने येऊन तिला बाहेर जायला सांगितलं.

पोलिसांनी निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा नोंदवला. शिवय्याने गोळ्या आपण ठेवल्या हे पहिल्याच विचारण्यात सांगितलं. बायकोला त्याने आधीच शिकवून ठेवलं होतं, तू काही माहीत नव्हतं असं सांग, घरातलं एक तरी माणूस बाहेर राहिलं पाहिजे. दानम्माने तसंच सांगितलं: ह्यांनी काय ठेवलं, कसलं ठेवलं, मला काहीच कल्पना नव्हती. इन्स्पेक्टरने लिहून घेतलं. शांभवीने आपल्या जबाबात खरं होतं ते सांगितलं, शेजाऱ्यांना सांगू नको असं आई म्हणाली तेही. त्याचं पुढे काही झालं नाही. आरोपी एकटा शिवय्याच राहिला. काही दिवसांनी त्याला जामीन मिळाला. दुकान त्याचा पुतण्या बघायला लागला. शिवय्या घरात बसून राहायचा आणि कुणी बोललं तरच बोलायचा.

गडहिंग्लजच्या लोकांनी महांतेशला फोन केला. मुलाची आई म्हणाली, अपघात कुणाच्याही हातून होतो, देवाची इच्छा, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण ज्या घरात एवढे ढेकूण झाले त्या घरातली मुलगी आमच्या घरात कशी चालेल. महांतेशने हे बहिणीला जसंच्या तसं सांगितलं. शिवशरणने शांभवीला एक मेसेज पाठवला होता. त्यात सॉरी एवढंच होतं.

ज्ञानूचे दिवस झाल्यावर आकारामने पुन्हा मीटिंग घेतली. दानम्मा गेली नाही. गच्चीचं दार उघडं होतं आणि ती जिन्यात, वरच्या वळणापाशी उभी होती, आवाज येत होता.

"आता तरी सांगा," आकाराम म्हणाला. "कुणाकुणाच्यात हायत?"

मग तळमजल्यावरचे म्हणाले, आमच्यात आहेत. दिवाळीपासून आहेत. दुसरं कोणीतरी म्हणालं, आमच्यातही. अंबूबाई म्हणाल्या, आमच्याकडे तर गेल्या वर्षीच झाले होते, सुनेच्या माहेरून आलेल्या बॅगेतून आले असावेत, सांगायला लाज वाटली. एकेक बिऱ्हाड बोलत गेलं. शेवटी असं निघालं की इमारतीत एकही घर त्यातून सुटलेलं नव्हतं.

पिराजी नावाचा औषध मारणारा माणूस आला, त्याच्याबरोबर दोन कामगार. एका दुपारात सगळी इमारत झाली. लोक औषध वाळेपर्यंत समोरच्या देवळाच्या कट्ट्यावर बसले होते, चहा पीत, गप्पा मारत. दानम्माच्या घरात पिराजीने स्विचबोर्डचा पत्रा काढला तेव्हा आत ढेकूण होते, जिवंत. गोळ्यांनी सगळे मेले नव्हते. त्याने ते दाखवायला तिला हाक मारली. ती गेली नाही. पंधरवड्याने तो पुन्हा एकदा येऊन गेला, आणि त्यानंतर इमारतीत कुणाला ढेकूण दिसला नाही.

सम्राट आईला पुण्याला न्यायला आला होता. ती गेली नाही. तिने सामान बांधलं आणि राधानगरीजवळ दिराच्या घरी राहायला गेली. टेंपोत शेवटी ज्ञानूचा पलंग चढवायचा होता, तो तिने भंगारवाल्याला देऊन टाकला. दानम्मा आत होती. तिने दाराच्या छिद्रातून सगळं बघितलं. तानाबाई निघताना त्या दाराशी थांबली नाही.

शांभवीने सांगलीच्या कॉलेजात नोकरी बघितली आणि तिकडे खोली घेतली. ती फोन करते, पण वडिलांच्या फोनवर करते. दानम्मा शेजारी बसलेली असते. शिवय्या कधीकधी विचारतो, अव्वाशी बोलतेस? पलीकडून काय उत्तर येतं ते दानम्माला ऐकू येत नाही. शिवय्या म्हणतो, "बरं, नंतर बोल," आणि ठेवतो.

कोर्टात केस उभी राहायला पुढचं साल उजाडलं. साक्षीच्या तारखेला तानाबाई एसटीने आली होती, एकटीच. सम्राटला रजा मिळाली नव्हती. ती कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बारीक झाली होती, कपाळ मोकळं होतं. शिवय्या वकिलाबरोबर आत गेला, तेव्हा दानम्मा बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. शेवटी दानम्मानेच तोंड उघडलं.

"वैनी, जेवून निघालासा का? डबा हाय माझ्याजवळ."

"खाल्लंय."

"माझं चुकलं वैनी."

तानाबाईने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले आणि सोडले. "चुकलं म्हणजे न कळत झालं," ती म्हणाली. "एक इचारू?"

"विचारा की."

"तुम्ही निघालासा तवा हे दारात बसलं हुतं. त्यांनी वास आल्याचंबी तुम्हाला सांगितलं, मला रात्री ते बोललं हुतं. तवा तुला एकदा तरी वाटलं का, सांगावं म्हणून?"

दानम्माला खोटं बोलणं सोपं होतं. मला काही माहीतच नव्हतं, असं तिने पोलिसांना सांगितलं होतं आणि आजही आत तेच सांगायचं ठरलं होतं. पण तिला तानाबाईशी पुन्हा बोलायचं होतं. गेलं वर्षभर त्या इमारतीत तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. खरं बोललं तर कदाचित हिला काहीतरी वाटेल, असं तिला वाटलं.

"वाटलंतं," ती म्हणाली. "तोंडापर्यंत आलतं."

तानाबाईने तिच्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"मला वाटत हुतं तुला तेवढंबी सुचलं नसंल," ती म्हणाली. "वर्षभर मी मनाला हेच सांगत आले. येडी हाय, पोरीच्या लग्नाच्या घाईत तिला काय सुचलं नसंल. तेवढ्यावर मी तुला सोडून दिलं असतं."

ती उठली, पिशवी उचलली आणि आवाराच्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. तिथे ऊन होतं. तिने पदर डोक्यावर घेतला.

थोड्या वेळाने शिपायाने बाहेर येऊन सांगितलं की साहेब आज रजेवर आहेत. वकिलाने पुढची तारीख लिहून घेतली. तानाबाई शिपायाला तारीख पुन्हा एकदा विचारून फाटकाबाहेर पडली. दानम्मा आणि शिवय्या रिक्षात बसले. वाटेत स्टँडकडे चालत जाणारी तानाबाई त्यांना दिसली. रिक्षा थांबवू का, असं शिवय्याने विचारलं.

"नको," दानम्मा म्हणाली.